सामोआ : मताईंच्या देशात

शनिवार : फालेओलो ते आपिया

ऑकलंडला राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या लोकांचा, शेजार नवा नाही. शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात, शनिवारच्या भाजीबाजारात रोजची गाठ पडते. माझ्या कामावरची सगळ्यात जवळची मैत्रीण सामोअनच आहे. तिच्या मामेभावाला सावाइई बेटावरच्या गावात मताईचं, म्हणजे कुळाच्या प्रमुखाचं, पद मिळणार होतं. "आमचं सरकार बघायचं असेल तर संसद नंतर बघ, आधी हे बघ," असा आग्रह तिने कितीतरी दिवस लावून धरला होता. शेवटी ऑक्टोबरात तिच्यासोबत निघाले.

विमान चारेक तासांत फालेओलोला उतरतं. ऑकलंडला तेव्हा उन्हाळी वेळ सुरू झालेली असते, त्यामुळे घड्याळाला हात लावावा लागत नाही. 2011 पर्यंत मात्र इथे उतरलं की माणूस कालच्या तारखेत जायचा. देशाचा सगळा व्यवहार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी, आणि तिकडे सोमवारची कचेरी उघडली तरी इकडे रविवारची प्रार्थना चाललेली. म्हणून सरकारने वाररेषेची बाजूच बदलून टाकली. 29 डिसेंबर 2011 चा गुरुवार संपला आणि एकदम 31 तारखेचा शनिवार उजाडला. तो शुक्रवार या देशात आलाच नाही. शेजारचं अमेरिकन सामोआ शंभरेक किलोमीटरवर आहे, भाषा तीच, नातीगोती तीच, पण तिथे अजून कालचा दिवस असतो.

त्याआधी दोन वर्षं याच सरकारने गाड्या उजवीकडून डावीकडे आणल्या होत्या. 7 सप्टेंबर 2009 ला सकाळी ठरल्या वेळी सगळ्या देशाने बाजू बदलली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपानमधल्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात, हे कारण. परदेशात राहणारा भाऊ घरी गाडी पाठवतो, ती चालवता आली पाहिजे, इतका साधा हिशोब होता.

विमानतळापासून राजधानी आपिया पस्तीस-चाळीस किलोमीटर. उपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्याने रस्ता जातो आणि गाव संपून रान लागतं असं फारसं होतच नाही. एक गाव संपता संपता दुसरं सुरू. प्रत्येक गावात एक भलं मोठं चर्च, मध्ये मोकळं मैदान आणि कडेने फाले. फाले म्हणजे भिंती नसलेलं घर: दगडी जोतं, गोल किंवा लांबट मांडणीत खांब, वर उंच छप्पर. पाऊस आला की झापांचे पडदे खाली सोडायचे, एरवी आतला सगळा संसार रस्त्यावरून दिसतो. आजकाल मागच्या बाजूला सिमेंटची खोली असते, पण पाहुणा बसतो फालेतच. आणि बहुतेक घरांपुढे अंगणातच थडगी आहेत, टाइल्स लावलेली, वर फुलं. पोरं त्यांच्यावर बसून गप्पा मारत होती.

"आजोबा इथे पुरलेत म्हणजे जमीन आमची," मैत्रीण म्हणाली. देशातली जवळजवळ 80 टक्के जमीन अशीच कुळांची आहे. ती विकता येत नाही, राज्यघटनेनेच तशी मनाई केली आहे. कुळाच्या वतीने ती सांभाळतो मताई. माझ्या डोक्यात राजा, जमीनदार, पाटील असं सगळं येत होतं आणि त्यातलं काहीच धड लागू पडत नव्हतं.

रविवार : पोरांचा दिवस

मैत्रिणीची मावशी रस्त्यावरच्याच एका गावात राहते. तिला घरातली झाडून सगळी ‘तिना’, म्हणजे आई म्हणतात. मीही तेच म्हणायला लागले. आम्ही नेमक्या लोतु तामाइतीच्या वेळी आलो होतो. ऑक्टोबरचा दुसरा रविवार हा इथे मुलांचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी देशभर सुट्टी. तिनाने आदल्या रात्री बारापर्यंत शिवणयंत्र चालवलं होतं. सकाळी घरातली सगळी पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ओळीने उभी. चर्चमध्ये त्या दिवशी मोठ्यांनी गप्प बसायचं. गाणी, पाठांतर, बायबलातल्या गोष्टींची नाटकं, सगळं मुलांचं. चार वर्षांची एक मुलगी दोन ओळी म्हणायला पुढे आली आणि पहिल्या शब्दालाच अडली. मागच्या बाकांवरून दहा-बारा बायकांनी एकदम तो शब्द कुजबुजून पुरवला. तिच्या घरच्या किती आणि गावच्या किती हे कळायला मार्ग नव्हता.

1830 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स सावाइईच्या सापापालिई गावी उतरला. तिथल्या मालिएतोआ या सरदाराने नवा धर्म जवळ केला आणि थोड्याच वर्षांत सगळी बेटं ख्रिस्ती झाली. आज देशाच्या बोधचिन्हावरचं वाक्यच ‘सामोआचा पाया देवावर’ अशा अर्थाचं आहे. 2017 च्या घटनादुरुस्तीने तर मूळ घटनेतच सामोआला ख्रिस्ती राष्ट्र म्हटलं गेलं. पण चर्चने जुनं काही पुसलं असं मला दिसलं नाही. पाद्र्याला मताईच्या बरोबरीचा मान मिळाला आणि गाडा पुढे चालू राहिला.

चर्चनंतर तोओनाई, रविवारचं जेवण. ते पहाटेपासून शिजत होतं आणि शिजवत होते घरातले तरुण मुलगे. उमू म्हणजे जमिनीवर रचलेली तापल्या दगडांची भट्टी. तिच्यावर अळकुड्या, कच्ची केळी, नीरफणस, मासे ठेवून वर केळीच्या पानांचे थर. आमच्या कोकणातली बाई ज्या सफाईने खवणीवर बसते, त्याच सफाईने एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा खवणी लावलेल्या पाटावर बसून नारळामागून नारळ खवत होता. मग झाडाच्या सालीच्या दोऱ्यांचा झुपका घेऊन त्यात तो चव गुंडाळायचा आणि दोन्ही हातांनी पिळायचा. पाण्याचा थेंब न घालता दाट दूध निघत होतं. अळूची कोवळी पानं तळहातावर द्रोणासारखी धरून त्यात हे दूध, कांदा आणि मीठ घालायचं, वर नीरफणसाचं पान गुंडाळून पुडी भट्टीत सोडायची. हे पालुसामी. मी अळूवर वाढलेली बाई आहे. चिंच नाही, गूळ नाही, तरी पान घशाला खाजत नाही आणि दूध आत साय धरल्यासारखं घट्ट होतं. दोन पुड्या खाल्ल्या, तिसरी तिनाने न विचारता ताटात टाकली.

या अळूची एक कहाणी आहे. अळकुड्या हा सामोआचा मुख्य निर्यातीचा माल होता. 1993 मध्ये पानांवर करपा आला आणि काही महिन्यांत शेतंच्या शेतं गेली. निर्यात बसली. करप्याला दाद न देणारी नवी वाणं तयार करून शेती सावरायला पुढे बरीच वर्षं लागली. ज्या दिवसांत पिकं गेली त्या दिवसांत डब्यातलं मांस आणि परदेशातून आलेले पैसे यांवर घरं चालली, असं तिना सांगत होती. डब्यातल्या मांसाची सवय काही सुटली नाही. मधुमेह घरोघरी आहे.

एरवी सामोअन घरात आधी मोठी माणसं जेवतात, पोरं वाढतात आणि शेवटी बसतात. त्या एका रविवारी उलट. पोरं मांडी घालून बसली होती आणि आजोबा हातात पंखा घेऊन त्यांच्या ताटांवरच्या माश्या वारत होते.

सोमवार : लालोमानू

सुट्टीचा दिवस, म्हणून घरची गाडी काढून आम्ही बेटाच्या आग्नेय टोकाला गेलो. ले माफा खिंडीतून रस्ता डोंगर ओलांडतो. ही सगळी बेटं ज्वालामुखीची. उपोलू आणि सावाइई ही दोन मोठी, मध्ये मानोनो आणि आपोलिमा ही वस्तीची दोन चिमुकली, बाकीची ओसाड. सगळं मिळून क्षेत्रफळ रत्नागिरी जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आणि 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,05,557. त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त उपोलूवर.

लालोमानूची वाळू, समोरचं नूउतेले बेट, निळ्या पाण्याच्या छटा हे सगळं फोटोत असतं तसंच आहे. फोटोत नसतं ते एवढंच, की इथल्या कुटुंबांची किनाऱ्यावरची घरं आज डोंगरावर आहेत. 29 सप्टेंबर 2009 ला सकाळी सातच्या सुमारास समुद्राखाली मोठा भूकंप झाला आणि काही मिनिटांत लाटा या किनाऱ्यावर आल्या. सामोआत दीडशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त. नंतर गावांनी वरच्या कुळजमिनी वाटून घेतल्या आणि वस्ती वर नेली. खाली राहिले ते पाहुण्यांसाठीचे उघडे फाले. परवानगीसाठी दूर कुठल्या खात्याकडे खेटे घालावे लागले नाहीत, जमीन कुळाचीच होती. एवढ्या मोठ्या आघातानंतर गाव फुटलं नाही याचं श्रेय मी तरी त्या जमिनीच्या व्यवस्थेला देईन.

मंगळवार : आपिया, मुलिनुऊ

आपियात सकाळी नवाच्या सुमारास रहदारी थांबते. पोलिसांचा बँड फिकट निळे सदरे आणि खाली लुंगीसारखं नेसू अशा वेषात वाजवत सरकारी इमारतीपुढे येतो, राष्ट्रगीत होतं, झेंडा चढतो. टॅक्सीवाले बाहेर येऊन उभे राहतात. कामाच्या प्रत्येक दिवशी हे चालतं.

त्या झेंड्याची किंमत शहरात जागोजागी दिसते. 1900 पासून ही बेटं जर्मनीकडे होती. ऑगस्ट 1914 मध्ये न्यूझीलंडच्या सैन्याने ती गोळी न झाडता घेतली. 7 नोव्हेंबर 1918 ला ऑकलंडहून ‘तालुने’ नावाची बोट आली. बोटीवर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते, तरी प्रशासनाने तिला विलग न ठेवता माणसं उतरू दिली. दोनेक महिन्यांत सुमारे 8,500 माणसं मेली. म्हणजे पाचात एकाहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे एकही बळी गेला नाही. वाइमोसोला त्या साथीतल्या माणसांचं सामूहिक दफनस्थान आहे. मैत्रीण तिथे बराच वेळ उभी राहिली. तिच्या पणजीच्या घरातली जवळपास सगळी माणसं त्या महिन्यात गेली होती. मी राहते त्या शहरातून ती बोट सुटली होती, आणि तिथल्या शाळांत हे शिकवायला हवं असं मला फार वाटलं.

ज्या पिढीने हे पाहिलं तिने ‘माऊ’ चळवळ उभारली. घोषणा होती ‘सामोआ मो सामोआ’, सामोआ सामोअनांचा. कर भरायचा नाही, सरकारी नोंदणी करायची नाही, हाती शस्त्र घ्यायचं नाही. 28 डिसेंबर 1929 ला आपियात निघालेल्या शांत मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जमावाला आवरायला पुढे झालेले नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे मारले गेले. मरताना त्यांनी लोकांना शांतता सोडू नका असं बजावल्याचं इथे प्रत्येक जण सांगतो. आपल्याकडे त्यानंतर अडीच महिन्यांनीच दांडीयात्रा निघाली. 1 जानेवारी 1962 ला सामोआ स्वतंत्र झाला, विसाव्या शतकात स्वतंत्र झालेलं पॅसिफिकमधलं पहिलं बेटराष्ट्र. जून 2002 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन त्या साऱ्याबद्दल माफी मागितली.

दुपारी मुलिनुऊला गेलो. आपियाच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेली ही जमिनीची चिंचोळी पट्टी. संसद इथेच, जमीन आणि पदांचं न्यायालय इथेच, जुन्या मोठ्या सरदारांच्या समाध्याही इथेच. संसदेची 2019 मधली नवी इमारत फालेच्या घाटाची आहे, गोल आणि उंच छपराची. आत 51 मतदारसंघांचे सदस्य बसतात, मुदत पाच वर्षं. राष्ट्रप्रमुखाला संसद निवडते, त्याचीही मुदत पाच वर्षं. पंतप्रधान, मंत्रिमंडळ, विरोधी पक्ष हे सगळं ब्रिटिश वळणाचं. पण एक गोष्ट जगावेगळी आहे: निवडणुकीला उभं राहायचं तर माणूस मताई असावाच लागतो. 1990 पर्यंत तर मतही, थोडे अपवाद सोडले तर, फक्त मताईंना होतं. त्या वर्षी सार्वमत झालं, थोडक्या फरकाने कौल मिळाला आणि 1991 पासून 21 वर्षांच्या प्रत्येकाला मत आलं. उमेदवारीची अट राहिली. मताईंत बायका फार कमी, काही गावं तर बाईला पद देतच नाहीत. म्हणून 2013 मध्ये घटनेत दुरुस्ती करून संसदेत किमान 10 टक्के स्त्रिया असाव्यात असं ठरलं.

आणि त्याच 10 टक्क्यांवरून देश हादरला. एप्रिल 2021 च्या निवडणुकीत जवळजवळ चाळीस वर्षं सत्तेत असलेल्या पक्षाला 25 आणि नव्या ‘फास्ट’ पक्षाला 25 जागा मिळाल्या. एकटा अपक्ष. फास्टच्या नेत्या होत्या फिआमे नाओमी माताआफा, देशाच्या पहिल्या पंतप्रधानांची मुलगी. जमीन आणि पदांचं न्यायालय सर्वोच्च न्यायालयापासून तोडणाऱ्या कायद्यांना विरोध म्हणून त्यांनी आदल्या वर्षी उपपंतप्रधानपद सोडलं होतं. अपक्ष त्यांच्याकडे गेला. पण 51 चे 10 टक्के म्हणजे पाच की सहा, असा प्रश्न काढून निवडणूक आयुक्तांनी जुन्या पक्षाच्या एका स्त्री उमेदवाराला सहावी जागा दिली आणि सामना 26-26 झाला. न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. 24 मे ला नवी संसद बसायची होती. सरन्यायाधीश झगा आणि टोप घालून दारापर्यंत चालत गेले, दाराला कुलूप. संध्याकाळी फिआमे आणि त्यांच्या सदस्यांनी संसदेच्या हिरवळीवर तंबू ठोकून शपथ घेतली. दोन महिने देशात दोन पंतप्रधान होते. 23 जुलैला अपील न्यायालयाने तंबूतली शपथ ग्राह्य धरली आणि जुने पंतप्रधान तुइलाएपा मालिएलेंगाओइ पायउतार झाले. सामोआला पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली आणि कुठे गोळी चालली नाही.

"तंबू कुठे होता?" मी विचारलं. मैत्रिणीने बोट दाखवलं. नुसती हिरवळ, कडेला एक माळी गवत कापत होता. फिआमे यांचंही सरकार पुढे टिकलं नाही. पक्ष फुटला, मे 2025 मध्ये अर्थसंकल्प पडला, 29 ऑगस्टला निवडणूक झाली. त्यांच्या नव्या पक्षाला मोजक्याच जागा मिळाल्या, आणि फास्टचे संस्थापक लाआउली श्मिट पंतप्रधान झाले.

बुधवार : सावाइई

मुलिफानुआहून बोट सव्वा तासात सालेलोलोंगाला पोचते. सावाइई आकाराने उपोलूच्या दीडपट आणि वस्ती अगदी तुरळक. मध्यावर 1,858 मीटरचा सिलिसिली, देशातलं सगळ्यात उंच शिखर, सदा ढगात.

सालेआउलाला रस्ता काळ्या दगडाच्या मैदानातून जातो. 1905 ते 1911 अशी सहा वर्षं मातावानू ज्वालामुखी वाहत होता आणि त्याचा लाव्हा हळूहळू किनाऱ्यापर्यंत आला. एका चर्चमध्ये तो दारातून आत शिरला, आणि छपराचे पत्रे कोसळून मऊ लाव्हावर पडले. त्या पत्र्यांच्या नळ्यांचा ठसा आजही दगडावर स्पष्ट दिसतो, बोट फिरवता येतं. भिंती उभ्या आहेत, आत दगडाची जमीन कंबरभर चढलेली आणि तिच्या भेगांतून झाडं आलेली. गावं गेली, तेव्हा पुष्कळ कुटुंबांना उपोलूवर जमीन दिली गेली. लेआउवाआ हे तिथलं गाव त्यांचंच.

संध्याकाळी मामांच्या गावात पोचलो तर रस्त्यावर लुंगी नेसलेले तरुण थोड्या थोड्या अंतरावर उभे. शंख वाजला. ही ‘सा’ची वेळ, घरोघरी प्रार्थना. त्या पंधरा-वीस मिनिटांत गावातून कोणी फिरायचं नाही, गाडी असेल तर थांबायची. ही मुलं ‘आउमांगा’ची, म्हणजे पद नसलेल्या पुरुषांच्या मंडळाची. गावाची पहारेदारी, शेती, भट्टी, सगळं त्यांच्याकडे. देशात पोलीस थोडे आहेत आणि गावात तर नाहीतच. 1990 च्या ग्रामसभा कायद्याने गावच्या फोनोला, म्हणजे मताईंच्या सभेला, दंड करायचा अधिकार लेखी दिला आहे. दंड पैशात, डुकरांत किंवा माशांच्या डब्यांच्या खोक्यांत. सगळ्यात कडक शिक्षा म्हणजे गावाबाहेर काढणं. या शेवटच्या शिक्षेवरून न्यायालयांत भांडणं जातात आणि जावीतच, कारण घटनेने माणसाला धर्माचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. नवं चर्च काढलं म्हणून कुटुंबांना हाकलल्याची प्रकरणं इथे झाली आहेत. गावाची एकी मला मनापासून आवडली, पण ती ज्याच्यावर उलटते त्याला जायला दुसरी जागा नसते हेही तितकंच खरं.

गुरुवार : फालेआलुपो, तांगा

बेटाच्या पश्चिम टोकाचं फालेआलुपो. वाररेषा सरकण्याआधी जगातला दिवसाचा शेवटचा सूर्यास्त इथे व्हायचा. गावामागे मोठं जुनं रान आहे. 1980 च्या दशकात शाळा बांधायला पैसा हवा म्हणून गावाने ते लाकूडतोड कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा तिथे औषधी वनस्पतींचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल कॉक्स यांनी शाळेचा खर्च उभा केला, आणि मताईंनी रान राखण्याचा करार केला. पुढे 1990 आणि 1991 मध्ये ओफा आणि वाल या दोन चक्रीवादळांनी झाडं झोपवली, पण रान पुन्हा उभं राहिलं. आज तिथे उंच झाडावर चढायचे पैसे गावाला मिळतात.

तांगा गावच्या आलोफाआंगाला लाव्हाच्या कड्यात भोकं आहेत आणि लाट खालून घुसली की पाण्याचा खांब उसळतो. गावातला एक माणूस लाटेचा अंदाज घेऊन भोकात नारळ टाकतो आणि नारळ तोफगोळ्यासारखा आकाशात जातो. कितीही वेळा बघा, तोंडातून ओरडा निघतोच.

परतताना एका मैदानावर किरिकिती चालली होती. मिशनऱ्यांनी आणलेलं क्रिकेट यांनी आपल्या पद्धतीचं करून टाकलंय. बॅट लांब आणि तीन कडांची, हाताशी दोरी गुंडाळलेली, चेंडू रबराचा, संघात गावातली जेवढी माणसं येतील तेवढी. चेंडू तिरक्या कडेवर लागला की कुठे जाईल सांगता येत नाही. गडी बाद झाला की क्षेत्ररक्षण करणारा सगळा संघ टाळ्या आणि नाचाचा एक ठेका धरतो, तो संपल्याशिवाय पुढचा चेंडू नाही. एका मावशींनी माझ्या हातात बॅट दिली. भारतातून आलेली म्हटल्यावर मैदान एकदम गंभीर झालं आणि क्षेत्ररक्षक मागे सरकले.

शुक्रवार : साओफाई

ज्यासाठी आलो तो दिवस. पद देण्याच्या विधीला साओफाई म्हणतात. मामेभाऊ ऑकलंडला ट्रक चालवतो, वय चाळीसच्या आत. त्याचे काका गेल्यावर घराण्याचं पदाचं नाव रिकामं झालं होतं. ते थोरल्या मुलाकडे आपोआप जात नाही. कुळातल्या सगळ्या शाखांनी बसून एकमताने माणूस ठरवायचा असतो. इथे दीड वर्ष बैठका चालल्या, ऑकलंड आणि सिडनीची माणसं फोनवरून सामील. जुळलं नाही तर मुलिनुऊच्या न्यायालयात जायचं. जर्मन अमदानीत 1903 मध्ये सुरू झालेल्या आयोगाचा तो वारसा आहे, आणि वंशावळींच्या त्या वादांत आजही पिढ्या जातात.

मोठ्या फालेत प्रत्येक मताईला आपला खांब ठरलेला. अलिई, म्हणजे घराण्याचे मानकरी, दोन्ही टोकांच्या खांबांशी. तुलाफाले, म्हणजे बोलणारे, समोरच्या बाजूच्या खांबांशी. कोणी खांबाला रेलून ऐसपैस बसलेलं नाही, पाठी ताठ आणि पाय दुमडलेले. त्यांच्या पुढून जाताना मान आणि कंबर वाकवून ‘तुलोऊ’ म्हणत जायचं. बाहेर मैदानात एक वयस्क तुलाफाले काठी जमिनीत रोवून, खांद्यावर काथ्याची चवरी टाकून उभे राहिले आणि बोलू लागले. किती वेळ बोलले कोण जाणे. गावाची मानाची नावं एकेक करून घ्यायची, क्रम चुकवायचा नाही. शब्द मला कळत नव्हते, पण कुठलं नाव आलं हे फालेतल्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मग आवा. मिरीच्या जातीच्या एका झुडपाची मुळी वाटून पाण्यात कालवतात. ठेंगण्या पायांच्या लाकडी परातीमागे एक तरुण मुलगी बसून तंतूंच्या झुपक्याने गाळत होती. गाळ भरलेला झुपका ती मान न वळवता खांद्यावरून मागे फेकायची, मागचा मुलगा तो हवेत झेलायचा, झटकायचा आणि परत द्यायचा. एकदाही चुकला नाही. आवा देणारा मोठ्याने नाव पुकारतो आणि करवंटी त्या माणसाकडे नेतो. पहिली कोणाला आणि मागून कोणाला, यात गावाची सगळी घटना मांडलेली असते. शेवटी ट्रक चालवणाऱ्या त्या माणसाचं नवं नाव पुकारलं गेलं. त्याने करवंटी उचलली, थोडं भुईवर सांडलं, दोन शब्द बोलला आणि प्याला. त्या क्षणापासून त्याची बायकोसुद्धा चारचौघांत त्याला नव्या नावानेच हाक मारणार.

मग इए तोंगांची देवघेव सुरू झाली. रेशमासारख्या मऊ विणलेल्या चटया, एकेक विणायला महिनेच्या महिने लागतात. बायका त्या दोन टोकांना धरून उघडून मैदानभर मिरवत आणत होत्या, लाल पिसं वाऱ्यावर हलत होती. चटया, डुकरं, डबे आणि नोटा, सगळं गावाला, पाद्र्याला, बोलणाऱ्यांना वाटलं गेलं. घरी काय राहिलं असेल? जवळजवळ काही नाही.

रात्री मामा त्याला समोर बसवून सांगत होते. भाषांतर मैत्रीण करत होती. फोनोचा वाटा, चर्चचा वाटा, गावातल्या प्रत्येक मयताला चटया आणि पैसे, शाळेच्या छपराला पैसे. गावाची ही सेवा, मोनोतांगा, चुकवली तर नाव काढून घेता येतं. संसदेसाठी उभं राहायचं असेल तर तीन वर्षं देशात राहिलेलं असावं लागतं आणि मोनोतांगा दिल्याचं गावाने सांगावं लागतं. ते सिद्ध करता आलं नाही म्हणून न्यायालयाने उमेदवार बाद केले आहेत. लोकप्रतिनिधी आधी पाच-दहा वर्षं गावच्या मयतांना गेलेला असावा, ही अट मला फार बरी वाटली. पण ती पाळायला घराण्याचा आधार लागतो, हातात पैसा लागतो, आणि बायकांच्या वाट्याला नावंच थोडी येतात. त्यामुळे गावात सगळ्यात जास्त राबणारी तिनासारखी बाई कधी त्या गोल छपराखाली बसणार नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

शनिवार : परत

बोटीवर नवा मताई आमच्या शेजारी बसला होता. सोमवारी पहाटे पाचला त्याची ट्रकची पाळी. देशाच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा असाच बाहेरच्या सामोअनांकडून येतो, आणि त्यातला केवढा तरी या चटया, मयतं आणि छपरांत जातो. कर्ज काढून पाठवणारी घरं ऑकलंडला मी पाहिली आहेत. त्याला तसं विचारलं. "पाठवायचं थांबवलं तर माझी पोरं कुठली म्हणायची?" तो म्हणाला आणि लगेच फोन काढला, कारण कुळाच्या ग्रुपवर मामांचा मेसेज आला होता: पुढच्या महिन्यात पाद्र्याच्या घराचं छप्पर, प्रत्येक मताईमागे 500 ताला. त्याने खाली ‘हो’ लिहिलं, पहिला.